न लिहिलेले बालपण : मराठवाड्यातील मुस्लिम समाज आणि आत्मकथन

क्रांती चौक ही औरंगाबाद शहराची, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरची, बोलण्याची जागा आहे. एका अंगाला पैठण गेटकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या अंगाला उस्मानपुरा, मधून जालना रोड आणि त्यावरचा उड्डाणपूल. मोर्चा काढायचा असो, धरणे धरायचे असो, निषेध नोंदवायचा असो, माणसे इथेच जमतात. छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच चौकात आहे; २०२२ मध्ये तो नव्या, अधिक भव्य रूपात उभा राहिला. ज्याला काही सांगायचे आहे त्याने इथे यावे आणि मोठ्या आवाजात सांगावे, असा या चौकाचा रिवाज आहे.

चौकाला 'क्रांती' हे नाव मिळाले ते १८५७ मुळे. त्या वर्षीच्या जूनमध्ये हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळातील शिपाई औरंगाबादच्या छावणीत बिथरले. आपल्याला उत्तरेत, आपल्याच माणसांवर चालून जायला लावणार, ही भीती त्यांच्यात पसरली होती. जनरल वुडबर्न फौज घेऊन आला आणि बंड मोडले गेले. लष्करी न्यायालये बसली. मीर फिदा अली यांना फाशी झाली. कुणाला गोळ्या घालण्यात आल्या, कुणाला तोफेच्या तोंडी देण्यात आले. आजच्या चौकातला काळा चबुतरा त्या शिक्षांची आठवण म्हणून ओळखला जातो.

या शिपायांविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे ते बहुतेक सगळे त्यांना शिक्षा देणाऱ्यांच्या कागदांतून आलेले आहे, ही गोष्ट आम्हाला नेहमी अस्वस्थ करते. इंग्रज अधिकाऱ्यांची पत्रे आहेत, अहवाल आहेत, गॅझेटिअर आहे. शिपायाचे स्वतःचे दोन शब्द नाहीत. त्यांच्या घरी कोण होते, मागे राहिलेल्या पोरांना कुणी सांभाळले, 'बागी का बेटा' म्हणून त्यांना काय ऐकावे लागले, यातले काहीही आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. बापाचे नाव निदान चबुतऱ्यापाशी घेतले जाते. मुलाचे नाव कुठेच नाही.

जो समाज स्वतःविषयी लिहीत नाही, त्याच्याविषयी दुसरे लिहितात, आणि बहुधा तो आरोपी असतानाच लिहितात. सार्वजनिक इतिहासात लढणारे असतात, मरणारे असतात, हुकूम देणारे असतात. त्या सगळ्यांच्या पायाशी उभे राहून डोळे विस्फारून पाहणारे मूल मात्र इतिहासात नसते. ते मूल मोठे होऊन स्वतः लिहील तेव्हाच त्याची नोंद होते. आत्मकथनातल्या दुःखी बालपणाचे मोल आम्ही इथून मोजतो. ते रडगाणे नसते. दुसऱ्या कुठल्याही दफ्तरात न सापडणारा तो पुरावा असतो.

याच मातीतली जुनी वाट

दुःखी बालपण लिहिणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली आधुनिक रीत आहे, असे काही जण म्हणतात. तसे ते नाही. याच जिल्ह्यातील, वेरूळपासून फार लांब नसलेल्या देवगावात सतराव्या शतकात संत बहिणाबाई जन्मल्या. तुकोबांच्या शिष्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी स्वतःच्या आयुष्याची हकीकत अभंगांत सांगून ठेवली आहे. तीन वर्षांच्या मुलीचे लग्न तीस वर्षांच्या बिजवराशी झाले. भाऊबंदकी आणि कर्ज यांपायी कुटुंबाला गाव सोडून वणवण करावी लागली. कोल्हापुरात कीर्तनाची ओढ लागली म्हणून अकरा वर्षांच्या मुलीला नवऱ्याने बांधून मारले. हे सारे तिने स्वतः सांगितले. तिची भक्ती त्यामुळे उणी झाली नाही, की नवऱ्याचे घर मोडले नाही. मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलीच्या अंगावरचे वळ आजही आपल्याला दिसतात, ते तिने सांगितले म्हणूनच.

पुढे मराठी मनावर बालपणाची जी प्रतिमा ठसली ती साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ची. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि घराघरांत पोहोचले. मुसलमान घरांतल्या, मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांनीही ते वाचले, त्यावर डोळे पुसले. त्यात गरिबी आहे, सावकाराच्या माणसाने केलेला अपमान आहे, आईचा मृत्यू आहे. पण त्या सगळ्या दुःखावर आईच्या मायेची गोधडी पसरलेली आहे. दुःख संस्कार होऊन येते. ज्या मुलाला अशी गोधडी मिळालीच नाही, ज्याची आईच तलाक देऊन घराबाहेर काढलेली होती, किंवा ज्याला रोजच्या भाकरीसाठी नातेवाइकांच्या तोंडाकडे बघावे लागले, त्याने आपले बालपण कुठल्या साच्यात ओतायचे? हा साचा त्याला पुरणारा नव्हता.

नागसेनवनात काय घडले

नवा साचा तयार झाला तो याच शहरात, क्रांती चौकापासून जवळच्याच नागसेनवनात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. निजामाच्या राजवटीत ज्यांच्या सात पिढ्यांना अक्षर माहीत नव्हते, अशा खेड्यापाड्यांतील मुलांची इथल्या वसतिगृहांत रांग लागली. याच परिसरातून साठच्या दशकाच्या अखेरीस प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक उभे केले. पानतावणे सर २०१८ मध्ये गेले. तोवर पन्नास वर्षे त्यांनी नवख्या हातांना लिहिते केले.

या वातावरणातच प्र. ई. सोनकांबळे यांनी आपल्या आठवणी लिहायला घेतल्या. नागसेनवनातल्या आंबेडकर महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवीत. त्यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली पुस्तकरूपाने आले. लहानपणीच आईबाप गेलेले, बहिणीच्या आसऱ्याला राहिलेले, भुकेने सदैव व्याकुळ असे एक पोर त्यात आहे. आम्हाला त्या पुस्तकात सर्वांत मोठी वाटते ती त्याची शांतता. लेखक कुणावर तुटून पडत नाही. भूक लागली, मागितले, मिळाले नाही. मग काय केले, एवढेच तो सांगतो. वाचणाऱ्याच्या घशाखाली मात्र घास उतरत नाही.

तो काळ कोणता होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्याच १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले. पाठोपाठ सोनकांबळ्यांचे पक्षी, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७). बाहेर घरे जळत होती आणि इकडे त्या घरांतली पोरे आपली बालपणे कागदावर उतरवीत होती. रस्त्यावरच्या लढाईइतकीच ही लढाईही खरी होती. मोर्चातल्या घोषणेला विरोधक उलट घोषणा देऊ शकतो. एका उपाशी मुलाच्या आठवणीला उलट घोषणा कशी देणार?

या लेखकांना आपल्याच माणसांचा रोषही पत्करावा लागला. शिकून वर आलेल्या काहींना वाटले, आता कुठे पांढरपेशा वस्तीत बिऱ्हाड मिळाले आहे, मुलांना चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला आहे, अशा वेळी जुना उकिरडा उपसायचा कशाला? हा प्रश्न खोटा नव्हता. त्यामागे भीती होती. पण लिहिणारे थांबले नाहीत, आणि वीस-पंचवीस वर्षांत ज्यांना लाज वाटत होती त्यांचीच मुले ती पुस्तके विद्यापीठात अभ्यासू लागली. लाज जागा बदलते ती अशी. जो सोसतो त्याच्याकडून ती हळूहळू सोसायला लावणाऱ्याकडे सरकते. त्यासाठी कुणीतरी आधी बोलावे लागते.

'अक्करमाशी'तला दादा

या सगळ्या पुस्तकांत आमच्या वाचकांनी आवर्जून थांबावे अशी एक जागा 'अक्करमाशी'त आहे. लिंबाळे वाढले ते आजी संतामायजवळ, आणि तिच्यासोबत राहणाऱ्या महमूद दस्तगीर जमादार या मुसलमान माणसाजवळ. लेखक त्यांना 'दादा' म्हणतो. ओझी वाहणारा हमाल. ना रक्ताचे नाते, ना जातीचे, ना धर्माचे. तरी पोराच्या तोंडात घास पडावा म्हणून तो राबतो. ज्या मुलाला बापाचे नाव विचारून शाळा आणि गाव हिणवते, त्याला बापाची माया या माणसाकडून मिळते.

मराठीत गरीब मुसलमान माणसाचे इतके जिवंत चित्र फार थोड्या ठिकाणी आहे. ते आले कुठून? एका दलित मुलाच्या दुखऱ्या बालपणातून. लिंबाळ्यांनी आपल्या जन्माची गोष्ट लपवली असती तर त्यांच्याबरोबर महमूद दस्तगीरही कायमचे लपले असते. कुठल्या जमातीच्या इतिहासात हमालाचे नाव येते? कुठल्या मशिदीच्या दगडावर ते कोरले जाते? दुःखी बालपण मोकळेपणाने लिहिले की त्या मुलाला हात देणारी माणसेही इतिहासात येतात, हा याचा दुसरा लाभ. कडू आठवणींच्या पोटात असे गोड दाणे असतात. कडू गाळून टाकले की तेही जातात.

आपल्याकडे काय आहे

मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ १९९० च्या सोलापूर संमेलनापासून उभी राहिली. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो प्रश्न मांडला तो अगदी साधा होता : या मातीत जन्मलेला, हीच भाषा बोलणारा मुसलमान मराठी साहित्यात का दिसत नाही? कथा आल्या, कविता आल्या, वैचारिक लेखन तर पुष्कळ आले. आत्मकथनेही आली. मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ चे. एका स्त्रीने इतके थेट लिहिलेले पाहून सारा महाराष्ट्र दचकला. रझिया पटेल यांचे 'चाहूल' आहे. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' आहे. बहिणीच्या तलाकाने पेटून उठलेल्या सय्यदभाईंचे 'दगडावरची पेरणी' आहे. ही सगळी धाडसाची पुस्तके आहेत.

पण त्यांचा मुख्य भर सहजीवनावर, संघर्षावर, चळवळीवर आहे. दहा-बारा वर्षांच्या मुसलमान मुलाच्या वा मुलीच्या डोळ्यांनी पाहिलेले मोहल्ल्यातले, वाडीवस्तीवरचे, बागवान-अत्तार-पिंजारी-कसाई घरातले बालपण, त्यातल्या मारासह, भुकेसह आणि भीतीसह, सलग मांडणारी पुस्तके आपल्याकडे मोजकीच आहेत. दलित आत्मकथनांची रांग डोळ्यांसमोर ठेवली की ही उणीव अधिकच जाणवते. तिची कारणे स्वभावात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावीत, असे आम्हाला वाटते.

अठ्ठेचाळीसची मुले

मराठवाड्यातल्या मुसलमान घरांत काळ मोजायची एक रीत अजूनही ऐकू येते. वय विचारले तर बुजुर्ग साल सांगत नाहीत. 'पुलिस ॲक्शन के वक्त मैं इत्ता सा था' म्हणतात आणि हाताने जमिनीपासूनची उंची दाखवतात. तेवढेच. पुढचे वाक्य येत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. निजामाची राजवट आणि कासिम रझवीच्या रझाकारांचे अत्याचार यांतून सुटका झाल्याचा हा दिवस मराठवाडा १७ सप्टेंबरला मुक्तिदिन म्हणून पाळतो, आणि ते योग्यच आहे. रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली. त्यांना विरोध करणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनाही ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी ठार केले. या लढ्याचा इतिहास लिहिला गेला आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत, अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आहे. तो इतिहास आपलाही आहे.

पण कारवाईनंतरच्या आठवड्यांत जे घडले त्याची कहाणी वेगळी आहे. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून पाहणी केली. कारवाईच्या वेळी आणि त्यानंतर २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे त्यांनी नोंदवले. त्याचबरोबर, हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याचे, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना आसरा दिल्याचेही लिहून ठेवले. हा अहवाल कित्येक दशके प्रकाशित झाला नाही. २०१३ मध्ये तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहायला मिळू लागला. त्यातल्या आकड्यांवर वाद तेव्हाही झाला, आजही होतो.

आकड्यांचा वाद इतिहासकारांनी करावा. आम्ही विचारतो ते एवढेच, की त्या हजारो माणसांना मुले होती की नाही? बाप गेल्यावर ती मुले कुणाच्या दारात वाढली? विहिरीपाशी त्यांनी काय पाहिले? कुणाच्या कणगीत, कुणाच्या कडब्याच्या गंजीत ती लपली, आणि त्यांना लपवणाऱ्या काकूचे नाव काय? गाव सोडून शहरात आल्यावर कुठल्या हॉटेलात त्यांनी कप धुतले? ज्याचा बाप रझाकारांत गेला होता त्या सात वर्षांच्या मुलाचा गुन्हा कोणता होता? आणि ज्याचा बाप रझाकारांच्या हातून मेला, ते मूल त्याच गावात त्याच्याबरोबर गोट्या खेळत होते, त्या दोघांचे पुढे काय झाले? हे प्रश्न कुठल्याही अहवालात सुटत नाहीत. त्यांची उत्तरे फक्त त्या मुलांकडे आहेत.

ती लिहिली का गेली नाहीत? पहिले कारण भीतीचे. फाळणीनंतरच्या काळात आपल्यावरचा अन्याय सांगणे म्हणजे देशाविरुद्ध बोलणे ठरेल, रझाकारांचे समर्थन ठरेल, असे घराघरांत वाटत होते. आयांनी मुलांना गप्प राहायला शिकवले ते जीव वाचावा म्हणून. त्या आयांना दोष देता येणार नाही.

दुसरे कारण भाषेचे, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. निजामाच्या राज्यात कचेरीची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमातून सुरू झाले. घरात दखनी, बाजारात मराठी. १९४८ नंतर कचेरी बदलली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. दहा-बारा वर्षांत लिपी बदलली. बापाला उर्दू लिहिता येत होते, पण त्याला वाचक उरला नव्हता. मुलगा मराठी शिकू लागला, पण त्याची मराठी अजून परीक्षेपुरती होती. आणि ज्या भाषेत रडणे झाले ती दखनी कुणी लिहीतच नव्हते. एका संपूर्ण पिढीच्या आठवणी या तिन्हींच्या फटीत पडल्या. नागसेनवनातल्या मुलांना एक महाविद्यालय, एक नियतकालिक आणि त्यांची भाषा समजणारा एक संपादक मिळाला. अठ्ठेचाळीसच्या मुलांना यातले काहीच मिळाले नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

आता कुणी लिहायला बसले की घरातून पहिला सूर येतो तो अब्रूचा. 'घर की बात बाहर क्यों?' दुसरा सूर धर्माचा : मेलेल्यांविषयी, वडीलधाऱ्यांविषयी बोलणे ही गीबत नाही का? तिसरा सूर राजकारणाचा : आधीच सगळे आपल्यावर टपलेले आहेत, आपण आपल्या तोंडाने आपल्या घरातला मार, तलाक, अडाणीपण सांगायचे म्हणजे त्यांच्या हाती कोलीत द्यायचे. हे तिन्ही आक्षेप गंभीरपणे घेतले पाहिजेत.

धर्माविषयी बोलायचे तर ज्या पैगंबरांचे नाव आपण घेतो त्यांचे बालपणच यतीमाचे होते. जन्माआधी वडील गेलेले, सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब गेले, मग चुलते अबू तालिब यांनी सांभाळले. ही गोष्ट कुणी झाकली नाही. सूरह अद्-दुहामध्ये त्या यतीमपणाची आठवण दिलेली आहे, आणि लगेच यतीमावर कठोर होऊ नका अशी ताकीदही आहे. स्वतःचे दुःख आठवायचे ते दुसऱ्या यतीमाला ओळखता यावे म्हणून, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. राहिला प्रश्न गीबतीचा. वाईट गोष्टीचा उघड उच्चार अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट वेगळी, असे सूरह अन्-निसामध्ये म्हटले आहे. मजलूमाला बोलायची मुभा आहे. आणि मुलापेक्षा मोठा मजलूम कोण?

विरोधक वापर करतील, हा धोका खरा आहे. पण गप्प राहिल्याने तो टळलेला दिसत नाही. आपण काही लिहिले नाही तरी आपल्याविषयी लिहिले जातेच. फक्त त्यात माणसे नसतात, ठोकळे असतात. मुसलमान घर म्हणजे बुरखा, तलाक आणि बिर्याणी, या ठोकळ्याला कुठला लेख फोडू शकेल? मुलाला मारणारा बाप रात्री त्याच मुलाच्या पायाला तेल लावत बसतो, तलाक झालेली आई शिवणाच्या मशीनवर तीन पोरे शिकवते, मौलवींची छडी खाल्लेला मुलगा पुढे स्वतः शिक्षक होतो आणि छडी हातात घेत नाही, हे लिहिले गेले की ठोकळा आपोआप तडकतो. माणूस दिसला की त्याचा द्वेष करणे जरा अवघड होते.

अब्रूचे उत्तर उर्दूने कधीच दिले आहे. शायर अख्तर-उल-ईमान यांनी 'इस आबाद ख़राबे में' या आत्मकथनात आपले दारिद्र्यातले, दिल्लीच्या अनाथालयातले बालपण मांडले. त्यांची अब्रू गेली नाही. त्यांच्या कवितेचे मूळ लोकांना समजले. जे उर्दूत चालते ते मराठीत आपल्याला जड का जावे?

मोकळेपणा म्हणजे काय

मोकळेपणाने लिहिणे म्हणजे सगळे ओकून टाकणे नव्हे. हयात असलेल्या बहिणीची गोष्ट तिला न विचारता लिहू नये. लिहायचीच तर नाव-गाव बदलावे. आठवण दगा देते, म्हणून जिथे खात्री नाही तिथे 'मला असे आठवते' एवढेच म्हणावे. दुःख फुगवू नये; भूक दोन दिवसांची असेल तर दोनच दिवसांची लिहावी, तीही पुरेशी असते. सोनकांबळ्यांचा शांत स्वर या बाबतीत वस्तुपाठ आहे. आणि भाषा शुद्ध करण्याच्या नादात अम्मी दखनीत बोलली असेल तर तिला पुस्तकी मराठी बोलायला लावू नये. देवनागरीत दखनी छान उतरते.

सर्वांनाच पुस्तक लिहिता येईल असे नाही, त्याची गरजही नाही. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी दुसऱ्या महायुद्धात लहान असलेल्या माणसांना गाठले, त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतल्या आणि १९८५ मध्ये त्यांचा ग्रंथ केला. सांगणारे तेव्हा चाळिशी-पन्नाशीतले होते. त्या लेखिकेला पुढे २०१५ चे नोबेल मिळाले, पण खरा मान त्या सांगणाऱ्यांचा. चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेले त्यांनी कुणाला तरी सांगितले, आणि कुणीतरी ऐकून घेतले.

आपल्याकडे एवढा अवकाश उरलेला नाही. १९४८ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. उस्मानपुऱ्यात, रोशन गेटला, बीडच्या, नांदेडच्या, उदगीरच्या मोहल्ल्यांत अशी माणसे अजून आहेत. दर हिवाळ्यात त्यांतली काही कमी होतात. आपल्या महाविद्यालयांतील मुलामुलींच्या खिशात आज आवाज टिपणारा फोन आहे. त्यांनी आपल्या नाना-नानीपाशी, शेजारच्या दादीपाशी बसावे, हातातल्या कामाच्या गोष्टी काढाव्यात आणि मग हळूच विचारावे : 'तुम्ही इतके लहान होता, तेव्हा काय पाहिले?' उत्तर आले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. आपल्या वार्षिकांनी, मंडळांनी, शाळांनी ही कथने मराठीत आणि दखनीत छापावीत. त्या माणसांना त्रास होईल इतके खोदू नये. पण कुणी ऐकायलाच आले नाही, असे मात्र त्यांना वाटू देऊ नये.

ही कथने गोळा झाली तर त्यांत फक्त मुसलमानांचे दुःख निघणार नाही. रझाकारांनी मारलेल्या पाटलाचा नातू निघेल, दोन्हीकडून लुटला गेलेला महारवाड्यातला पोरगा निघेल, कणगीत मुसलमान पोरे लपवणारी कुणबीण निघेल. मुलांच्या आठवणींत बाजू कमी असतात, माणसे जास्त असतात. मोठ्यांच्या इतिहासाने ज्या गावांची फाळणी केली, त्यांना जोडणारा धागा कदाचित या आठवणींतच सापडेल.

काळ्या चबुतऱ्यापाशी ज्यांना मारले गेले त्यांच्या मुलांना विचारायला आता कुणी जाऊ शकत नाही. तो उशीर आता भरून निघणार नाही. अठ्ठेचाळीसच्या मुलांच्या बाबतीत मात्र अजून काही थोडे दिवस हातात आहेत.